रुसलेलं लोखंड

आकाशवाणीवर मला आजवर बोलावलं गेलं ते कवितेसाठी. कधी ईदच्या निमित्तानं, कधी पावसाळ्याच्या. आज मात्र मी कवितेबद्दल बोलणार नाही. आज एका यंत्राबद्दल बोलायचं आहे. ते सांगलीत, नदीच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत, आमच्या अब्बांच्या वर्कशॉपमध्ये उभं आहे आणि आजही काम करतं. ते पुन्हा चालू कसं झालं, ही आजची गोष्ट.

वर्कशॉपमध्ये एखादा नट फिरेनासा झाला की सगळे म्हणत, "जाम झाला." अब्बा तो शब्द वापरत नसत. आमच्या घरच्या दखनीत ते म्हणत, "रुठ्या है." म्हणजे रुसलाय. त्या वयात मला हे गमतीचं वाटे. त्यातलं शहाणपण कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

यंत्र होतं आडवं मिलिंग मशीन. लेथ बहुतेकांनी पाहिलेला असतो. लेथवर काम फिरतं आणि हत्यार स्थिर असतं. मिलिंगमध्ये उलटं. इथं दातेरी कटर गरगर फिरतो आणि टेबलावर आवळलेलं काम त्याच्याखालून हळूहळू सरकतं. सपाट पृष्ठभाग, खाचा, गिअरचे दाते, शाफ्टवरच्या चावीच्या खाचा ही सगळी त्याची कामं. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जोसेफ ब्राऊन यांनी युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवलं ते ड्रिलच्या पीळदार खाचा कापण्यासाठी. तोवर त्या खाचा कारागीर कानशीनं घासून काढत. आमचं यंत्र पंजाबातल्या बटाल्याचं. तिथल्या ओतशाळांतून निघालेली लेथ, शेपर, मिलिंग अशी यंत्रं देशभरातल्या लहान वर्कशॉपमध्ये पोहोचली. अब्बांनी ते जुनंच विकत घेतलं होतं.

या यंत्राशी माझं भांडण १९८८ सालचं. मी तेव्हा अठरा वर्षांचा. अब्बा नमाजाला गेले होते आणि जाताना सांगून गेले होते की टेबलाचं हँडव्हील काढून साफ करून ठेव. हँडव्हील म्हणजे हातानं फिरवायचं बिडाचं चाक. मी पुढचा नट काढला, चाक ओढलं. हलेना. पहार घातली. हलेना. मग घण उचलला आणि मागून एक हाणला. चाकाच्या आऱ्याला तडा गेला, कडेचा तुकडा निखळून जमिनीवर पडला.

अब्बा आले. त्यांनी तुकडा उचलला, दारात जाऊन उन्हात धरून पाहिला. मग चाकाच्या मधल्या भागावरचा रंग त्यांनी नखानं खरवडला. रंगाखाली लांबी होती आणि लांबीखाली एक बारीक स्क्रू. तो शाफ्टवर आवळलेला होता. चाक जाम नव्हतंच, ते बांधलेलं होतं. अब्बा एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी गॅसवर पितळ वितळवून तो तुकडा सांधला. पितळेची ती पिवळी रेघ चाकावर कायमची राहिली. मी पुढं कॉलेजात गेलो, बी.ए. झालो, नोकरी धरली, कविता लिहू लागलो. वर्कशॉप थोरल्या भावानं, भाईजाननी सांभाळलं. अब्बा गेल्यावर तर मी तिकडं फारसा फिरकलोही नाही. आम्हा भावांत भांडण नव्हतं, पण बोलणंही राहिलं नव्हतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वर्कशॉप आठवडाभर पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर आधी घर, धान्य, कागदपत्रं, अंथरूण-पांघरूण. यंत्राकडं कोण बघणार? त्याच्यावर गाळ वाळला आणि गाळाखाली गंज चढत राहिला. मग २०२० उजाडलं आणि टाळेबंदी आली. पुतण्याची पुण्याजवळच्या एका कारखान्यातली नोकरी गेली, तो घरी परतला. आयटीआय झालेला, हाताला काम नाही.

जानेवारी २०२१ मध्ये भंगारवाला यंत्र बघून गेला. किलोवर भाव बोलला. भाईजाननी मला फोन करून विचारलं, "देऊन टाकू?" तसा हक्क त्यांचाच होता, तरी त्यांनी विचारलं. मी गेलो. पुतण्या दारातच उभा होता. म्हणाला, "चाचा, हे चाललं तर मी इथंच काम करीन. नवीन घ्यायची आपली ऐपत नाही." आम्ही मिस्त्रीमामांना बोलावलं. अब्बांच्या हाताखाली तयार झालेले, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या. सगळ्या मुठी, सगळी चाकं एकेकदा हलवून पाहिली. एकही हलत नव्हतं. ते म्हणाले, "एक महिना द्या. आणि घण माळ्यावर ठेवा." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं की नाही, ते मला सांगता येणार नाही.

त्या महिन्यात माझ्याकडं तेलाची बुधली आणि वही होती. रोज काय केलं, काय हललं, ते मी लिहीत होतो. त्यातलं काही तुम्हाला सांगतो. घरात शिलाई मशीन असो, जुनं इंजिन असो, की पाण्याचा गंजलेला व्हॉल्व्ह, नियम सारखेच आहेत.

पहिला नियम म्हणजे कारण शोधा. लोखंड चार कारणांनी रुसतं. एक, ते मुद्दाम बांधलेलं असतं, माझ्या चाकासारखं. दोन, जुनं तेल वाळून त्याचा डिंक झालेला असतो. तीन, फटीत गाळ किंवा कीस अडकलेला असतो. चार, गंज. यातलं चौथं सर्वांत चिवट. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. केसाएवढ्या फटीत गंज धरला की तो फुगतो आणि दोन भागांमध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. म्हणून गंजलेला नट नव्या नटापेक्षा घट्ट असतो, जरी त्याला कोणी आवळलेलं नसलं तरी.

पहिले तीन दिवस आम्ही एकही पाना हातात घेतला नाही. फक्त धुतलं. आधी स्वच्छ पाण्यानं वाळलेला गाळ भिजवून काढला, कारण गाळातली बारीक वाळू फटीत राहिली तर ती कानशीसारखी यंत्राला खाते. लगेच वारा मारून कोरडं केलं, मग रॉकेल आणि डिझेलचा ब्रश. वाळलेल्या तेलाचा डिंक त्यानं सुटतो. दोन मुठी एवढ्यानंच मोकळ्या झाल्या. मोटर तर आधीच उतरवून रिवाइंडिंगवाल्याकडं पाठवली होती. पुरातून निघालेल्या मोटरचं बटण दाबून पाहायचं नसतं, ती जळते आणि माणसालाही झटका बसू शकतो.

मग बांधलेलं काय आहे, ते शोधलं. मिलिंग मशीनला टेबल अडकवून ठेवायच्या लहान लहान मुठी असतात. त्या आवळलेल्या राहिल्या असतील तर टेबल कसं सरकेल? रंगाखाली लपलेले स्क्रू असतात. निमुळत्या पिना असतात. अशी पिन एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. ती बारीक टोकाकडूनच ठोकायची. उलट्या बाजूनं ठोकली तर प्रत्येक घावागणिक जास्त घट्ट होते. काही ठिकाणी उलटे आटे असतात. तिथं आपण सोडवतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात आवळत असतो. मिस्त्रीमामा म्हणाले, "कविराज, बनवणाऱ्यानं हे आत घातलं, तेव्हा ते बाहेर यायची वाटही त्यानं ठेवलीय. ती वाट शोध."

गंजलेल्या नटांसाठी तेल. पुतण्यानं बाजारातून डब्ल्यूडी-४० चा फवारा आणला. या नावाची गोष्ट मजेची आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात एक छोटी कंपनी क्षेपणास्त्रांना गंजापासून वाचवण्यासाठी पाणी हटवणारं मिश्रण शोधत होती. चाळिसाव्या प्रयत्नात जमलं. पाणी हटवण्याचं चाळिसावं सूत्र, म्हणून हे नाव. पण खोलवर शिरण्यासाठी खास पातळ तेलं मिळतात, ती जास्त उपयोगी. मिस्त्रीमामांचं तेल त्याहून जुनं होतं: रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल. कुठलंही तेल असो, ते स्वतःहून आत चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. फट जितकी बारीक तितकी त्याची ओढ जास्त. पण त्याला वेळ लागतो. सकाळी तेल, संध्याकाळी तेल आणि मध्ये लहान हातोडीनं टकटक. जोरात नाही. दारावर पाहुणा टकटक करतो तशी, पण शंभर वेळा. त्या कंपनानं गंजाला बारीक भेगा पडतात आणि भेगांतून तेल आत जातं.

चौथ्या-पाचव्या दिवशी पाना लावायचा. आणि इथं बहुतेक जण चूक करतात. सोडवायच्या दिशेनंच सगळा जोर लावतात, पान्याला पाइप घालून लोंबकळतात, आणि बोल्ट मुळातून मोडतो. आधी तो अगदी किंचित आवळायचा. 'टक्' असा आवाज आला, म्हणजे गंजाची पकड सुटली. मग किंचित सोडवायचा. अडला की पुन्हा मागं. तेलाचा थेंब. पाव फेरी पुढं, पाव फेरी मागं. मागं येणं म्हणजे हरणं नाही. मागं येताना आट्यांतला कीस बाहेर पडतो. एका नटाला आम्हाला सव्वा तास लागला. तो अख्खा निघाला. मोडला असता तर ड्रिल करून काढायला दोन दिवस गेले असते.

तेलानंही न ऐकणाऱ्याला ऊब द्यायची. इथं एक गैरसमज आहे. नट तापवला की फुगतो, म्हणजे त्याचं भोक लहान होईल, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. बाहेरचं कडं वाढतं तेव्हा भोकही वाढतं. आपल्याकडं लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतो ती याच जोरावर. लोखंडी धाव आगीत लाल करायची, ती मोठी होते, लाकडी चाकावर अलगद बसते. मग पाणी ओतलं की आवळून धरते. आपल्याला हेच उलट करायचं असतं. १०० मिलिमीटर पोलाद १०० अंशांनी जास्त तापलं तर साधारण ०.१२ मिलिमीटर वाढतं. म्हणजे एखाद्या जाड केसाएवढं. पण रुसवा मोडायला तेवढं पुरतं. बाहेरचा भाग गरम आणि आतला थंड, हा फरक महत्त्वाचा. नट गरम असताना आट्याशी मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं.

यात सांभाळायच्या गोष्टीही आहेत. बीड ठिसूळ असतं. एकाच जागी ज्योत धरली, किंवा तापल्यावर पाणी टाकलं, तर ते तडकतं. म्हणून सगळीकडून हळूहळू ऊब द्यायची आणि आपोआप निवू द्यायचं. बिडाच्या भोकात पितळी बुश असेल आणि दोन्ही तापली तर पितळ जास्त फुगतं, म्हणजे ते आणखीच अडकतं. तिथं ऊब कामाची नाही. आणि ज्योत पेटवण्याआधी तेल-रॉकेल पुसून, फवाऱ्याचे डबे लांब ठेवून, एक बादली वाळू जवळ ठेवायची. डोळ्यांवर चष्मा सगळ्या कामांत हवा.

सुटे झालेले लहान भाग आम्ही मळीत घातले. आमच्या भागात साखर कारखान्यांची कमी नाही, मळी सहज मिळाली. एक भाग मळी, नऊ भाग पाणी आणि दोन आठवडे. मळीतली काही द्रव्यं गंजातलं लोखंड धरून पाण्यात ओढून घेतात आणि चांगल्या धातूला फारसा धक्का लावत नाहीत. ॲल्युमिनियम आणि जस्त मात्र यात घालू नये, ते खाल्लं जातं. बादलीला जो वास सुटला त्याबद्दल भाभीजान जे बोलल्या ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. शेवटी बादली गच्चीवर गेली. पुतण्यानं दुसरा मार्ग धरला. प्लास्टिकच्या टबात धुण्याचा सोडा विरघळवला, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला जोडली. रात्रीतून गंज सुटून काळा गाळ झाला. हे उघड्या हवेतच करायचं, कारण यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं.

उरलं मोठं टेबल. ते अठरा दिवस हललं नाही. टेबल ज्या खाचेत सरकतं ती तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असते, त्यामुळं टेबल वर उचलता येत नाही. एका बाजूला फट भरायला लांब, निमुळती पट्टी असते. इंग्रजीत तिला 'गिब' म्हणतात, मिस्त्रीमामा 'पाचर' म्हणत. ती गंजानं फुगून बसली होती. पुतण्या हँडव्हीलला पाइप लावायला निघाला, तेव्हा मिस्त्रीमामांनी त्याचा हातच धरला. हँडव्हीलचा जोर लांब स्क्रूवरून पितळी नटावर जातो. टेबल सुटायच्या आधी त्या नटाचे आटे सोलून निघतात, मग टेबल सुटूनही उपयोग नाही. म्हणून आधी तो स्क्रू मोकळा करायचा होता आणि त्यासाठी हँडव्हील काढायचं होतं.

तेच चाक. पितळेची रेघ तशीच होती. पुराच्या पाण्यानं लोखंड काळं-तांबडं झालं होतं, पितळ फक्त मळलं होतं. कोणी काही बोललं नाही. मी चाकाचा मधला भाग खरवडला. अब्बांनी पुन्हा लांबी भरली नव्हती, त्या बारीक स्क्रूच्या डोक्यावर फक्त ग्रीस लावून ठेवलं होतं. ते वाळून घट्ट झालं होतं. ते टोकदार तारेनं काढलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेच्या मापानं घासून घेतलं, कारण ढिलं टोक खाच खातं. तेलाचा थेंब टाकला आणि आम्ही चहा घेतला. चहानंतर दुसरा थेंब. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर हलकी टकटक. किंचित आवळलं. टक्. मग सोडवलं.

भाईजान म्हणाले, "त्या दिवशी अब्बा चिडले नव्हते. रात्री मला म्हणाले होते, चूक माझीच, स्क्रू कुठं आहे ते त्याला दाखवायला हवं होतं." मी विचारलं, "मग मला का नाही बोलले?" भाईजान म्हणाले, "तू विचारलंस का?" तेहतीस वर्षं हे वाक्य त्यांच्याजवळ राहिलं होतं.

पाचरीच्या जाड टोकाचा स्क्रू सैल केला आणि बारीक टोकाला पितळी सळई ठेवून हळूहळू ठोकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोन-तीन मिलिमीटर मागं आली. टेबलाला लाकडी ठोकळा लावून मोगरीनं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ठोके दिले. आधी हललं ते डोळ्यांना दिसलंच नाही. पुतण्यानं डायल गेज लावलं होतं, त्याचा काटा हलला. ०.०२ मिलिमीटर. तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या दुकानातली माणसं धावत आली. संध्याकाळपर्यंत टेबल हातभर सरकत होतं.

मार्चमध्ये यंत्र चालू झालं. आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. या वेळी आम्हाला ठाऊक होतं. पुतण्यानं आदल्या दिवशी मोटर उतरवून वरच्या मजल्यावर नेली, सरकत्या भागांवर बोटभर जाडीचं ग्रीस थापलं, सगळ्या अडकवायच्या मुठी सैल करून ठेवल्या. पाणी उतरलं त्याच दिवशी, घर धुवायच्याही आधी, आम्ही यंत्र धुतलं. मग डिझेल, मग तेल. तिसऱ्या दिवशी टेबल सरकलं. दीड वर्षाचा गंज आणि तीन दिवसांचं काम, यांतला फरक तेवढ्याच तयारीचा.

पुतण्या आता त्यावर रसवंतीच्या चरकांचे शाफ्ट आणि पंपांचे सुटे भाग करतो. हँडव्हील तेच आहे. नवीन मिळत होतं, त्यानं घेतलं नाही. त्या बारीक स्क्रूभोवती त्यानं पांढऱ्या रंगानं एक गोल काढला आहे, नवीन पोराला दिसावा म्हणून.

तुमच्याही घरात, शेतात, दुकानात असं एखादं यंत्र पडून असेल. भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक करा. ते धुवा, त्याला तेल घाला आणि आठ दिवस रोज थोडी टकटक करा. घण मात्र माळ्यावरच राहू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)